तोंडी ठरलेलं काम आणि अडकलेले पैसे: पुरावा, मुदत, वसुली

वहीखातं (धागाकर्ता)

तोंडी व्यवहाराबद्दलचे प्रश्न इथे दहा धाग्यांत विखुरलेत आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: ‘लिहून घ्यायला हवं होतं.’ खरं आहे, पण ज्याने घेतलं नाही त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून एक काल्पनिक उदाहरण टाकतो. त्यावरच बोलू.

कुर्ल्याचा फर्निचर ठेकेदार, परळचं दुकान. काउंटर, रॅक, फॉल्स सीलिंग. जागेवर उभं राहून ठरलं, मालासकट ४,२०,०००. एक लाख उचल एनईएफटीने आली, मध्ये ५०,००० यूपीआयने. काम चालू असताना मालकाने शोकेस आणि पोटमाळा वाढवला, त्याचे ८५,००० तोंडीच ठरले. काम संपलं, दुकान सुरू झालं. येणं निघतं ३,५५,०००. आता मालक व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘सगळं धरून साडेतीन ठरलं होतं. आणि लॅमिनेट फुगलंय.’

ठेकेदाराकडे सहीचा एकही कागद नाही. पुढे काय?

काळाकोट_फोर्ट

आधी एक गैरसमज काढू. तोंडी करार हा करारच असतो. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १० लेखी असण्याची अट घालत नाही. मुक्त संमती, मोबदला, कायदेशीर हेतू आणि दोन्ही पक्ष सज्ञान, एवढं पुरतं. जिथे दुसरा एखादा कायदा लेखी मागतो तिथेच तोंडी चालत नाही. मुंबईत हमखास लागणारी अशी ठिकाणं ही:

घर किंवा गाळ्याची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत लागतं (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५). लवादाचं कलम लेखी लागतं. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सही. मुदत उलटून गेलेलं देणं फेडण्याचं नवं वचनही लेखी आणि सहीचंच लागतं.

फर्निचरचं काम यातल्या कशातच येत नाही. म्हणजे करार वैध आहे. भांडण वैधतेचं नाहीच, ते तीन वेगळ्या गोष्टींचं आहे: व्यवहार झाला का, कितीला झाला, आणि पैसे कधी द्यायचे होते. लोक सगळी ताकद पहिल्या मुद्द्यावर घालवतात. तो बहुतेक वेळा सहज सिद्ध होतो, कारण एक लाखाची एनईएफटी कुणी हवा खायला पाठवत नाही. हरतात ते दुसऱ्या मुद्द्यावर.

आणि इथे तर मालकाने स्वतःच काम सोपं केलंय. ‘साडेतीन ठरलं होतं’ हा मेसेज म्हणजे करार झाल्याची त्याचीच कबुली. तो मेसेज जपा. दीड लाख मिळालेत, म्हणजे त्याच्याच हिशेबाने दोन लाख देणं आहे. आता वाद उरला १,५५,००० चा.

कच्चंबिल

काळाकोट साहेबांचा दुसरा मुद्दा, ‘कितीला’. याला थेट पुरावा नसतो तेव्हा हिशेब बोलतो. दिवाणी दाव्यात फौजदारीसारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढंच बघतात. म्हणून हे गोळा करा:

प्लाय, लॅमिनेट, चॅनेल, बिजागऱ्या यांची बिलं, त्यावर शक्यतो परळचा डिलिव्हरी पत्ता. कारागिरांची हजेरी आणि मजुरी. टेम्पोची पावती. समजा माल २,६०,००० आणि मजुरी १,३०,००० निघाली. खर्चच ३,९०,००० झाला. मग ‘सगळं धरून साडेतीन’ म्हणजे ठेकेदाराने खिशातून चाळीस हजार घालून दुकान सजवून दिलं! उलटतपासणीत या बेरजेपुढे मालकाला उत्तर सुचणं कठीण.

बँकेचं स्टेटमेंट घेताना फक्त रक्कम बघू नका, तपशिलाचा रकाना बघा. यूपीआय करताना लोक ‘फर्निचर ॲडव्हान्स’, ‘सेकंड पेमेंट’ असं लिहून जातात. ते दोन शब्द मोठे असतात. स्क्रीनशॉट नको, बँकेकडून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या.

जीएसटी नोंदणी असेल तर बिल फाडलं का ते बघा. बिल जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात टाकलं की ते समोरच्याच्या टू-बीमध्ये, म्हणजे त्याच्या क्रेडिटच्या उताऱ्यात, दिसतं. त्याने त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतलं असेल तर ‘बिल मान्यच नव्हतं’ हे तोंड वर करून सांगता येत नाही. शिवाय १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं. नोटिशीत हा उल्लेख आला की समोरच्याचा सीए जागा होतो, आणि वकिलापेक्षा सीएचं ऐकणारे व्यापारी जास्त.

आयकर पोर्टलवरचे आपले २६-एएस आणि एआयएस हे उतारे पण उघडून बघा. मालकाने टीडीएस कापला असेल तर कोणत्या रकमेवर कापला ते तिथे दिसतं. ‘मी या माणसाला ओळखतच नाही’ म्हणणारा तिथे अडकतो.

एक सावधगिरी. नुसती आपली वही पुरत नाही. हिशेबाची वही नियमित ठेवलेली असेल तर पुरावा म्हणून चालते, पण फक्त तिच्या जोरावर समोरच्यावर देणं बसत नाही. सोबत चलन, साक्षीदार, बँक असं काहीतरी हवंच. आणि मागाहून एका बैठकीत, एकाच पेनने लिहिलेली वही कोर्टात ओळखू येते बरं.

काळाकोट_फोर्ट

कच्चंबिल यांना एक पुस्ती. टीडीएस हा व्यवहाराचा पुरावा आहे, पण मुदत वाढवणारी कबुली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तसं म्हटलेलं आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण तोंडी व्यवहार पुराव्याअभावी जितके बुडतात तितकेच मुदतीपायी बुडतात.

मुदत कायदा, १९६३. केलेल्या कामाचे पैसे, द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं. उधार माल, मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून तीन वर्षं. हातउसने पैसे, दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं. ‘मागशील तेव्हा देईन’ असं ठरलेलं असलं तरी घड्याळ दिल्या दिवशीच सुरू होतं. मागितल्यापासून नाही. इथे भलेभले फसतात.

घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचे दोन मार्ग, दोन्ही मुदत संपायच्या आत. कलम १८: देणेकऱ्याची लेखी, सहीची कबुली. कलम १९: थोडी रक्कम भरणं, पण त्या भरण्याची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची हवी. म्हणून शेवटच्या वर्षात आलेले पाच हजार रोखीत किंवा यूपीआयने घेऊन निर्धास्त होऊ नका. चेक मागा, चेकवर त्याची सही असते. त्याहून बरं, दर ३१ मार्चला बाकीचा एक पानी खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्का घ्यायचा. बाजारातले जुने व्यापारी हे न चुकता करतात. ‘देतो ना, पळून चाललोय का’ यावर तीन वर्षं काढू नका.

पडदाफुटका

मोबाईलमधल्या पुराव्याबद्दल. इथे सर्वात जास्त नासाडी होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. मोबाईलमधल्या पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी च्या जागी आता कलम ६३. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलाय आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा: कंपनी, मॉडेल, आयएमईआय किंवा सिरियल नंबर, आणि फाइलची हॅश किंमत. भाग ‘ब’ तज्ज्ञाने. भाग ‘ब’ विसरलेली प्रमाणपत्रं पुष्कळ दिसतात.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा आकडा बदलतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरच्या ‘सर्टयुटिल’ने शा-२५६ हॅश निघते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा त्या चॅटमधलं ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ बंद आहे का बघा. मग अख्खी चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा, सोयीचा तुकडा नाही. ती झिप फाइल न उघडता, न बदलता दोन ठिकाणी ठेवा, त्याच दिवशी हॅश काढून लिहून ठेवा. समोरच्याचा नंबर ‘परळ शेठ’ नावाने सेव्ह असेल तर नंबर दिसेल असा संपर्काचा पडदाही घ्या. नाहीतर ‘हा शेठ म्हणजे मीच कशावरून?’ हा प्रश्न येतोच. आणि फोन विकू नका, फॅक्टरी रीसेट करू नका. जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं होतं की प्रमाणपत्र सक्तीचं आहे, मात्र मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे फोन हीच शेवटची दोरी.

कॉल रेकॉर्डिंग: स्वतः ज्या संभाषणात आहात ते चालतं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७२ चा निकाल त्याचा पाया, आणि तो आपल्या मुंबईतलाच खटला. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टेप करणं मात्र वेगळं आणि धोक्याचं. आवाज ओळखता आला पाहिजे, छेडछाड नसल्याचं दाखवता आलं पाहिजे. रेकॉर्डिंगची मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फॉरवर्ड केलेली प्रत म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ अशी सूचना वाजते म्हणून घाबरू नका. उलट समोरच्याला माहीत होतं हे त्यातून दिसतं.

नाक्यावरचा

एवढी उस्तवार कशाला? पोलीस चौकीत जायचं, ४२० टाकायला लावायची. दोन दिवसांत पैसे.

काळाकोट_फोर्ट

दादा, ४२० आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पण मूळ अडचण तीच आहे. फसवणूक ठरायला वचन देतानाच बुडवायचा हेतू असावा लागतो. इथे मालकाने दीड लाख दिलेत, दुकान चालवतोय, हिशेबावर भांडतोय. हा दिवाणी वादच. पोलीस वसुली एजंट नाहीत, हे वरच्या कोर्टांनी वारंवार सांगितलंय. उलट तक्रारीत घाईघाईने लिहिलेला एखादा चुकीचा आकडा पुढे दाव्यात तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

चेक वटला नसेल तर मात्र निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं (चेक-हुंड्यांचा कायदा) कलम १३८ आहे. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. तिथे देणं होतं हे कोर्ट गृहीत धरतं, नव्हतं हे समोरच्याने दाखवायचं. तोंडी व्यवहारात चेक हातात असणं म्हणून सोन्यासारखं.

गाळा_क्र_७

उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्यांनी एमएसएमई कायदा, २००६ वापरावा. यात तोंडी व्यवहाराचा उलटा फायदा आहे. उधारीची मुदत लेखी ठरलेली नसेल तर माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ४५ दिवसांची सवलत फक्त लेखी ठरलं असेल तरच. ‘आपल्यात तीन महिन्यांचं तोंडी ठरलं होतं’ हे खरेदीदाराचं पालुपद तिथेच संपतं.

दुसरं, मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी करायची असते. नाही केली तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. चार महिन्यांनी फुगलेलं लॅमिनेट तिथे उपयोगी नाही. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. प्रकरण या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) जातं, आणि निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

नोंदणी व्यवहाराच्या आधीची हवी. वाद झाल्यावर उद्यम काढून कौन्सिलकडे पळणाऱ्यांची वाट बिकट होते. आणि निव्वळ ट्रेडर असाल, घाऊक किंवा किरकोळ, तर उद्यम असूनही हा फायदा मिळत नाही.

काळाकोट_फोर्ट

बरोबर, पण धाग्यातल्या ठेकेदाराला हे सरसकट लागू होईल असं समजू नका. माल आणि मजुरी एकत्र असलेलं वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. छपाई, पॅकिंग, जॉबवर्क, शिवणकाम यांचा रस्ता मोकळा. फर्निचरवाल्याने आधी वकिलाला विचारावं, नाहीतर कौन्सिलमध्ये दोन वर्षं जाऊन पाटी कोरी.

आता दाव्याकडे.

नोटीस. त्यात कुठे, कुणासमोर, साधारण कोणत्या तारखेला काय ठरलं, किती आले, काय वाढवलं, काम कधी संपलं, हे सगळं. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात’ असं लिहा, ठोकून देऊ नका. नोटिशीतली तारीख आणि दाव्यातली तारीख जुळली नाही की उलटतपासणी तिथूनच सुरू होते. व्याज मागितल्याचं स्पष्ट लिहा. व्याज ठरलेलं नसलं तरी व्याज कायदा, १९७८ खाली लेखी मागणीच्या तारखेपासून ते मागता येतं. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच धरलंय, तेव्हा बुकिंग करताना पोचपावती मागून घ्या. जोडीला ईमेल आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीडीएफ पोचली आणि उघडली हे निळ्या टिकांवरून धरून बजावणी मानली होती.

समरी, म्हणजे झटपट निकालाचा दावा? नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ ला लेखी करार, हुंडी, वचनचिठ्ठी असं काही लागतं. सहीची बिलं असतील तर प्रयत्न होतो. निव्वळ तोंडीवर साधा दावा.

रक्कम तीन लाखांच्या वर आणि व्यवहार व्यापारी असेल तर कमर्शियल कोर्ट, आणि तातडीचा मनाई अर्ज नसेल तर कलम १२-अ ची मध्यस्थी आधी. ती सक्तीची आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, तीन महिने, संमतीने आणखी दोन. तो काळ मुदतीत मोजत नाहीत. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल घेऊन दावा लावायचा. मुंबईत दहा कोटींपर्यंत सिटी सिव्हिल कोर्ट, उपनगरातला व्यवहार असेल तर साधारण दिंडोशी. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंचे दावे चालतात, तिथे जाऊन खेटे घालू नका.

दाव्यात दोन मागण्या ठेवा. पहिली, ठरलेले ३,५५,०००. दुसरी, पर्यायी: दर सिद्ध झाला नाही तर करार कायद्याच्या कलम ७० खाली कामाचं वाजवी मोल. फुकट करायचं नव्हतं, समोरच्याने फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. ही दुसरी मागणी लिहायची राहिली म्हणून बुडालेले दावे चिक्कार. मोल ठरवायला काम उभं आहे तोवर मापं घ्या, फोटो घ्या, व्हॅल्युअरचा अहवाल घ्या, सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची ताडून बघा. मालक तोडफोड करेल असं वाटलं तर कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागता येते.

पोटमाळ्याची मात्र धास्ती आहे. पालिकेची परवानगी नसेल तर ‘बेकायदा कामाचा करार’ हा बचाव येणार. म्हणून शोकेस आणि पोटमाळा यांचा हिशेब वेगळा मांडा, एक बुडालं तर दुसरं बुडायला नको.

गिरगावकरीण

छोटा प्रश्न. वाढीव कामाचं असंच वरचेवर होतं. लेखी कोटेशन आहे पण वाढीव तोंडी, तर कोटेशनमुळे वाढीव मारलं जातं का?

काळाकोट_फोर्ट

ताई, लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, पण लेखीत ज्याचा उल्लेखच नाही त्याबद्दल किंवा नंतर ठरलेल्या बदलाबद्दल चालू शकतो. कोटेशनमध्ये ‘बदल फक्त लेखी’ असं छापलं असेल तर अवघड. आपलंच कोटेशन आपल्याला नडतं. मग मालकाने वाढीव काम उभं राहताना पाहिलं, सूचना दिल्या, हे वागण्यातून दाखवावं लागतं.

कच्चंबिल

वाढीवसाठी त्याच संध्याकाळी एक मेसेज टाकायचा. हवेतला नको, असा: ‘आज दुपारी दुकानात ठरल्याप्रमाणे शोकेस ६ फूट बाय ७ फूट, १९ मिमी प्लाय, ४५,००० जास्तीचे. मूळ ४,२०,००० त्याव्यतिरिक्त. उद्या प्लाय आणतोय, काही बदल असेल तर आज कळवा.’ माप, जाडी, रक्कम, मूळ रकमेपेक्षा वेगळी असल्याचा उल्लेख, आणि उत्तर द्यायला कारण. ‘ओके’ किंवा अंगठा आला तर उत्तम. नाही आला आणि दुसऱ्या दिवशी मालकाने प्लायच्या गाडीसाठी शटर उघडून दिलं, तरी पुष्कळ झालं.

वहीखातं

हुकूमनामा मिळाल्यावर वसुली कशी, तेही कुणीतरी टाका.

काळाकोट_फोर्ट

बारा वर्षांत कधीही अंमलबजावणी लावता येते, पण उशीर केलात तर हाताला काही लागत नाही. ऑर्डर २१ नियम ४१ खाली मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. बँक खातं जप्त करायला बँक आणि शाखा कळायला हवी, आणि ती तुमच्याकडे आहे: पहिल्या एक लाखाची एनईएफटी कोणत्या बँकेतून आली ते स्टेटमेंटमध्ये बघा.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. ‘साडेतीन’च्या मेसेजमुळे दोन लाख कबूल आहेत. ऑर्डर १२ नियम ६ खाली तेवढ्यापुरता हुकूमनामा आधी मागता येतो. लॅमिनेटचं कारण पुढे करून ते विरोध करतील, तरी अर्ज करून ठेवा.

गाळा_क्र_७

आणि नोटीस गेल्यावर मालक स्वतःच दोन लाखांचा चेक घेऊन आला तर? घ्यायचा की नाही?

काळाकोट_फोर्ट

घ्यायचा. पण त्याने पुढे केलेल्या ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या पावतीवर सही करायची नाही. कमी रकमेत तडजोड मान्य केली तर करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे उरलेलं देणं सुटतं. आपली पावती द्या: ‘परळ येथील दुकानाच्या फर्निचर कामाच्या एकूण रु. ५,०५,००० पैकी आधी रु. १,५०,००० आणि आज रु. २,००,००० चेकने मिळाले. बाकी रु. १,५५,०००. हक्क राखून स्वीकारले.’ चेक क्रमांक, तारीख, आणि खाली त्याची सही घेण्याचा प्रयत्न करा. त्याने सही नाकारली तर हाच मजकूर त्याच तासाला त्याच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर टाका, चेक बँकेत भरायच्या आधी.